नव्वदचं भिंग आणि वरचे दोन कोपरे

निगेटिव्ह धुऊन दोरीला अडकवली आणि पाणी निथळायचीही वाट न पाहता तिच्यामागे पांढरा कागद धरला. मधलं सगळं झकास उतरलं होतं. जिन्याच्या पायऱ्या, कठड्याच्या लाकडातल्या रेषा, वरच्या झरोक्याच्या जाळीची एकेक तार. पण वरचे दोन कोपरे काचेसारखे स्वच्छ. म्हणजे तिथे फिल्मला उजेड मिळालाच नव्हता. छापल्यावर तिथे दोन काळेकुट्ट त्रिकोण येणार, तेही गोलसर कडेचे, जणू कुणी नळीतून जिना पाहतंय.

ही माझ्या पहिल्या वाइड लेन्सची पहिली फिल्म. चार बाय पाच इंची कॅमेऱ्यासाठी तोवर माझ्याकडे दोनच लेन्स होत्या, १५० आणि २१० मिलिमीटरच्या. १५० ही या आकाराची ‘नॉर्मल’. मोकळ्यावर तिच्याबद्दल तक्रार नाही. पण मला नाद जुन्या इमारतींच्या आतलं काढायचा: जिने, माळे, बोळासारख्या खोल्या. तिथे १५० लावली की मी मागे सरकत सरकत भिंतीला टेकायचे, ट्रायपॉडचा एक पाय उंबऱ्याबाहेर जायचा आणि एवढं करून कॅमेऱ्याच्या मागच्या, फोकस पाहायच्या काचेवर दिसायची एक भिंत नि अर्धी खिडकी. पस्तीस एमएमच्या कॅमेऱ्यावर २७-२८ ची लेन्स जेवढं दाखवते, साधारण तेवढं या मोठ्या फिल्मवर ९० मिलिमीटरची दाखवते. मला तीच हवी होती.

नवीची किंमत पाहिली आणि विषय एका मिनिटात मिटला. जुन्यांचं तसं नाही. स्टुडिओंनी फिल्म सोडली तेव्हा वर्षानुवर्षं मालकाला कमावून दिलेल्या लेन्स कपाटांतून बाहेर पडल्या. श्नायडर, रोडेनस्टॉक, निकॉन, फुजी, सगळ्यांनी ९० बनवलेली आहे. त्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चिमुकली म्हणजे श्नायडरची अँग्युलॉन, एफ/६.८ (हे लेन्सच्या भोकाचं, अॅपर्चरचं माप; आकडा जितका लहान तितकं भोक मोठं). रचना १९३० च्या दशकातली. मुठीत मावते, फिल्टर लागतो अवघा ४०.५ मिलिमीटरचा, आणि लेन्स लावलेली ठेवूनच माझा फोल्डिंग कॅमेरा मिटतो. विकणाऱ्याने लिहिलं होतं, ‘चार बाय पाच पूर्ण कव्हर करते.’ तो खोटं बोलला नव्हता. पूर्ण कव्हर करते, पण जेमतेम.

लेन्स चित्र चौकोनी पाडत नाही, गोल पाडते, हे मला तोंडपाठ होतं आणि तरीही कळलेलं नव्हतं. लहान कॅमेऱ्यात त्या गोलाकडे कधी लक्षच जात नाही, कारण लेन्स आणि फिल्म एकमेकांसमोर ठोकून बसवलेली असतात. मोठ्या कॅमेऱ्याचं सगळं सुख उलट यात आहे की लेन्स वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवता येते. लेन्स सरकली की गोल सरकतो, फिल्म जागच्या जागी राहते. चार बाय पाचच्या फिल्मवर प्रत्यक्ष चित्र येतं साधारण ९५ बाय १२० मिलिमीटरचं, आणि त्याचा कर्ण १५३. अँग्युलॉनचा गोल, कंपनीने दिलेला, एफ/१६ ला १५४. शिल्लक राहिला एक मिलिमीटर. आणि मी जिन्याचा वरचा झरोका चौकटीत यावा म्हणून लेन्स बारा मिलिमीटर वर उचलली होती!

काचेवर हे दिसलं कसं नाही? दिसलं असणार. जिन्यात अंधार, काळं कापड डोक्यावर, एफ/६.८ चा उजेड, त्यात काचेवरची प्रतिमा उलटी. झरोक्याकडचे कोपरे काचेवर खाली असतात, आणि मला खालचं सगळं ‘जमीन आहे, अंधारीच असणार’ असं वाटून गेलं. माझी आठ वर्षांची लेक सोबत होती. तिने कापडाखाली डोकं घातलं आणि पहिलं वाक्य टाकलं, “आई, जिना छताला टांगलाय!” मग थोड्या वेळाने, “आणि खाली दोन्ही बाजूंना कुणीतरी खाल्लंय.” मी तिला गप्प केलं. उजेडाचं मीटर वाचत होते ना!

हा घोळ टाळायचा खरा उपाय इतका सोपा आहे की तो उशिरा कळल्याचा अजून राग येतो. माझ्या ग्राउंड ग्लासचे, म्हणजे त्या फोकसच्या काचेचे, चारही कोपरे छाटलेले आहेत. भाता (लेन्स आणि फिल्म यांच्यामधली घड्यांची पिशवी) मिटताना आतली हवा बाहेर पडायला वाट हवी म्हणून ते छाटतात, एवढंच मी धरून चालले होते. पण त्याच फटींतून आत डोकावता येतं. लेन्स ज्या अॅपर्चरला वापरायची त्यालाच बंद करायची, शटर उघडं ठेवायचं, आणि कोपऱ्यातल्या फटीला डोळा लावून लेन्सकडे पाहायचं. भोक पूर्ण दिसलं तर त्या कोपऱ्यापर्यंत उजेड पोचतोय. भोकाचा डोळा व्हायला लागला, म्हणजे दोन्ही बाजूंनी टोकदार, तर लेन्सची कड आड यायला लागली. काहीच दिसलं नाही तर तो कोपरा गेला. अँग्युलॉन पूर्ण उघडी ठेवून पाहिलं तर चारही कोपऱ्यांतून मांजराचा डोळा दिसतो. एफ/१६ ला तो गोल होतो. एफ/३२ ला लेन्स पाचेक मिलिमीटर वर उचलली तरी भोक दिसत राहतं, पण तिथली प्रतिमा मऊ, म्हणजे धूसर, पडते. उजेडाचा गोल वेगळा आणि चांगल्या चित्राचा गोल वेगळा. पहिला नेहमी थोडा मोठा असतो आणि तोच आपल्याला फसवतो.

काचेचे कोपरे छाटलेले नसतील तर समोर जाऊन लेन्समधून आत पाहायचं, काचेचा कोपरा दिसतो का ते. मान अवघडते, पण कळतं.

आता लेन्स आली तेव्हाची गोष्ट. पुडक्यातून काढली तर आतल्या काळ्या रंगावर पांढरे ठिपके, कडेने गोल पसरलेले. माझं धाबं दणाणलं. बुरशीच वाटली. पण बुरशीला फांद्या असतात, कोळिष्टकासारख्या, आणि ती काचेवर असते. हे ठिपके भिंगाच्या कडेच्या काळ्या रंगाचे पोपडे होते. श्नायडरच्या जुन्या लेन्समध्ये ते इतके सर्रास असतात की जाणकारांनी त्याला रोगासारखं नावच ठेवलंय, ‘श्नायडरायटिस’. चित्रावर त्याचा परिणाम जवळजवळ शून्य. किंमत मात्र त्याने उतरते, म्हणून मी तर आता असे ठिपके पाहिले की खूश होते. समोरच्या भिंगावर एक बारीक ओरखडाही होता. त्याचाही आजवर कुठल्या फिल्मवर मागमूस नाही.

भिंगाकडे टक लावून पाहण्यात आपण सगळी शक्ती घालवतो आणि शटर विसरतो. जुन्या लेन्समध्ये आजारी पडतं ते शटर. माझं कॉम्पर शटर १/१२५ ला टक्कन वाजायचं आणि एक सेकंदावर ठेवलं की अर्ध्या वाटेत ‘घर्रर्र’ करून थबकायचं. बोटाने लिव्हर ढकलली की उरलेलं पूर्ण. फोनवर आवाज रेकॉर्ड करून उघडण्याच्या आणि मिटण्याच्या टकटकींमधलं अंतर मोजलं, तर एक सेकंदाचे कधी पावणेदोन, कधी अडीच. शटर दुरुस्त करणाऱ्या एका बुजुर्गांकडे गेले. त्यांनी ते कानाशी धरलं, दोनदा वाजवलं आणि म्हणाले, “ताई, घरी तेलबिल घातलं नाही ना?”

“नाही काका. कुणीतरी सांगितलं होतं, पण धीर झाला नाही.”

“धीर झाला नाही तेच बरं. तेलानेच यांची वाट लागते. पात्यांवर आलं की चिकटून बसतात. हे फक्त वाळलंय, साफ करून देतो.”

ते साफ होऊन येईपर्यंतही माझं काम अडलं नाही, हे सांगायला हवं. वाइड लेन्स मी एफ/२२ पेक्षा जास्त उघडून क्वचितच वापरते. आतल्या अंधारात वेळ दहा-वीस सेकंदांचा. तिथे शटरचा वेग कोण विचारतो! ‘टी’ वर ठेवायचं, उघडायचं, मोजायचं, मिटायचं. ज्यांना फक्त इमारतींची आतली चित्रं काढायची आहेत त्यांनी मंद शटरची लेन्स खुशाल कमी पैशांत घ्यावी. बाहेर उन्हात काढायची असतील तर मात्र आधी शटर तपासावं, मग भिंग.

आणखी एक गंमत शटरचीच. जुन्या लेन्सचे पुढचे-मागचे भाग काढून दुसऱ्या शटरमध्ये बसवलेले असतात आणि त्या शटरवरचे अॅपर्चरचे आकडे मात्र आधीच्या लेन्सचे. आकड्यावर विश्वास ठेवला की गेलो. समोरून पट्टी धरून भोक मोजावं. ९० च्या लेन्सला एफ/८ वर समोरून भोक सव्वाअकरा मिलिमीटरच्या आसपास दिसायला हवं, एफ/२२ वर चारच्या आसपास. माझ्या हातून एक लेन्स यामुळेच परत गेली, तिच्यावरचे आकडे १५० चे होते.

लेन्सबोर्डाचा, म्हणजे लेन्स ज्या फळीवर बसते तिचा, प्रकार किरकोळ, पण त्याने माझे दोन रविवार खाल्ले. शून्य नंबरच्या शटरला ३४.६ मिलिमीटरचं भोक लागतं, एक नंबरच्याला ४१.६. माझ्याकडचा जादा बोर्ड एक नंबरचा. काळ्या जाड पुठ्ठ्याची चकती कापून मी शून्यचं शटर त्यात बसवलं, आणि पुढच्या दोन फिल्मांवर एका कडेला राखाडी पट्टा. उजेड चकतीच्या कडेने आत शिरत होता. शेवटी नीट भोक पाडलेला बोर्डच घेतला.

आता ज्याने मला महिनाभर छळलं ते सांगते.

जिन्याच्या फिल्मनंतर मी बाहेर पडले, मोकळ्या अंगणातून एक दगडी कमान काढायला. वारा होता, झाडाची फांदी हलत होती, म्हणून वेळ कमी करायला एफ/११ वर आले. फोकस लूप, म्हणजे छोटं बहिर्गोल भिंग, लावून, दोनदा पाहून केलेला. फिल्म धुतली तर सगळं मऊ. कमान मऊ, मागची भिंत मऊ, त्यामागचं झाड मऊ. साहजिकच मी लेन्सला शिव्या घातल्या. स्वस्तातली, सत्तर वर्षांची, एफ/११ ला असंच असणार. पुन्हा काढली, पुन्हा तेच. १५० आणि २१० वर असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे कॅमेऱ्यावर संशय जायचं कारणच नव्हतं.

शेवटी एका संध्याकाळी जमिनीवर पट्टीचा टेप तिरका पसरला, दर दहा सेंटिमीटरवर एक पुस्तक उभं केलं, आणि कॅमेऱ्यापासून दीड मीटरवरच्या पुस्तकावर फोकस करून लेन्स उघडी ठेवून एक फिल्म उडवली. निगेटिव्हवर दीड मीटरवरचं पुस्तक धूसर आणि त्याच्या मागचं तिसरं, एक मीटर ऐंशीवरचं, कणखर, अगदी स्पष्ट. लेन्स ठणठणीत होती! तिचं लक्षच दुसरीकडे होतं.

कॅमेऱ्याची मागची चौकट उघडली. काचेच्या आतल्या बाजूला, म्हणजे लेन्सकडच्या बाजूला, दीड मिलिमीटरचं फ्रेनेल, म्हणजे बारीक गोल खाचांचं, प्लास्टिक. आधीच्या मालकाने काच उजळ दिसावी म्हणून प्रेमाने बसवलेलं. काही कॅमेरे मुळातच फ्रेनेल आत धरून घडवलेले असतात, माझा तसा नव्हता. त्या प्लास्टिकने ग्राउंड ग्लास दीड मिलिमीटर मागे ढकलली होती. प्लास्टिकमधून जाताना प्रतिमाही थोडी मागे सरकते, ती वजा केली तर उरलेली चूक एक मिलिमीटरच्या आसपास.

एक मिलिमीटरने काय होतं? २१० च्या लेन्सला दीड मीटरवर फोकस केला तर एवढ्या चुकीने चित्रातलं कणखर प्रतल जेमतेम चार सेंटिमीटर मागे सरकतं. नाकावर केलेला फोकस कानावर जातो, आणि आपण म्हणतो, जरा हललं असेल. ९० ला तेच तीस सेंटिमीटर. लांबचं दृश्य असेल तर त्याहून वाईट, कारण ९० वर पावणेचार मीटरपासून अनंतापर्यंतचं सगळं जग लेन्सच्या सव्वादोन मिलिमीटरच्या हालचालीत बसतं. त्यात एक मिलिमीटर चुकला की लेन्स अनंताच्याही पलीकडे कुठेतरी पाहत बसते, जिथे काहीच नाही. लांब लेन्स असते तेव्हा चित्रात काही ना काही कणखर सापडतंच आणि आपलं समाधान होतं. वाइड लेन्स ती सोय ठेवत नाही. एफ/३२ ला ही चूक झाकली गेली होती, एफ/११ ला उघडी पडली.

फ्रेनेल काढून काचेच्या बाहेरच्या बाजूला लावलं. व्हर्नियर कॅलिपरने चौकटीपासून काचेची खोली मोजली, फिल्म होल्डरमध्ये वाया गेलेली फिल्म घालून तिची मोजली. दोन्ही पाच मिलिमीटरच्या आसपास जुळल्या. पुस्तकांची रांग पुन्हा लावली. लेक म्हणाली, “पुस्तकांचेच फोटो काढायचे तर वाचत का नाहीस?” या वेळी दीड मीटरवरच्या पुस्तकाचं नाव निगेटिव्हवर लूपमधून वाचता आलं. अँग्युलॉनची मनोमन माफी मागितली.

मला कुणी विचारलं की स्वस्त वाइड लेन्स घेताना आधी काय तपासू, तर मी म्हणते, स्वतःचा कॅमेरा. काच आणि फिल्म एका पातळीत आहेत का, पुढची-मागची चौकट समांतर आहे का, ९० मिलिमीटरवर भाता पुरेसा मिटतो का. वाइड लेन्स फिल्मच्या इतकी जवळ येते की कॅमेऱ्याची प्रत्येक ढिलाई तिच्या नावावर जमा होते. उभी चौकट घेतली तर कॅमेऱ्याचा स्वतःचा पुढचा पाटही चित्रात डोकावतो. ग्राउंड ग्लासवर तो वरच्या कडेला एक भुरकट पट्टा होऊन दिसतो आणि बेसावध माणूस त्याला आभाळ समजतो. मी समजले होते. पाट खाली पाडून घेतला की प्रश्न मिटतो.

वर्षभराने थोडे पैसे साठले तेव्हा सुपर-अँग्युलॉन घेतली, ९० चीच, एफ/८. नावात एका शब्दाचा फरक, पण घराणंच वेगळं. १९४० च्या दशकात सोव्हिएत अभियंता मिखाईल रुसिनोव्हने पुढे-मागे मोठी, खोलगट वाटीसारखी भिंगं लावून कडेला उजेड जास्त पोचवायची युक्ती काढली होती, आणि पन्नासच्या दशकातली सुपर-अँग्युलॉन त्याच वळणाची. हिचा गोल एफ/२२ ला २१६ मिलिमीटर. कागदावर हिशेब केला: आडव्या चौकटीत लेन्स ४२ मिलिमीटर वर उचलता येईल, उभ्या चौकटीत ३७. जिन्याच्या झरोक्यापर्यंत काय, त्याच्याही वर!

लेन्स आली ती धुक्यासकट. टॉर्च मागून मारला की आत दुधाळ पडदा. पुढचा भाग हाताने फिरवून काढला, आतल्या पृष्ठभागावर बोटाएवढ्या कापडाने लेन्स क्लीनर फिरवला, पडदा गेला. इथे नशीब होतं. धुकं दोन चिकटवलेल्या भिंगांच्या मध्ये असतं तर हात लावता आला नसता. चिकटवलेली भिंगं सुटायला लागली की तिरक्या उजेडात कडेने इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात, तशी लेन्स मी घेत नाही. बुरशी आणि सुटलेलं चिकट, या दोन गोष्टींना मी नाही म्हणते. धूळ, ठिपके, बारीक ओरखडे, रंग उडालेली कड, पुढच्या कडीला पोचा, यांना हो.

तर लेन्स स्वच्छ झाली, बोर्डावर चढली, कॅमेऱ्यावर बसली आणि मी थाटात लेन्स वर सरकवली. पंधरा मिलिमीटरवर अडकली. पुढे जाईना. भाता! ९० वर तो इतका दाबला जातो की पापडाच्या चळतीसारखा कडक होतो, आणि त्याला वर ओढलं तर चौकटच वाकडी होते. एकवीस सेंटिमीटरचा गोल विकत घेतला आणि त्यातलं दीड सेंटिमीटर वापरायला मिळालं. अशा लेन्ससाठी पिशवीसारखा मऊ भाता असतो, पण माझ्या फोल्डिंग कॅमेऱ्याचा भाता निघतच नाही. वर या लेन्सचं मागचं भिंग एवढं मोठं की कॅमेरा मिटताना ती काढून ठेवावी लागते. फिल्टर ६७ मिलिमीटरचा. पिशवीत अँग्युलॉनच्या चौपट जागा.

तरी पंधरा मिलिमीटर म्हणजे थोडं नाही. पहिल्या जिन्याला बाराच लागले होते. आणि कोपरे! अँग्युलॉनच्या कोपऱ्यात मध्याच्या तुलनेत तिसरा हिस्साच उजेड पोचतो, म्हणजे दीड स्टॉपहून जरा जास्त अंधार (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). सुपर-अँग्युलॉन तिथे दोन-पंचमांशाहून थोडं जास्त देते. हे सरळ भूमितीचं आहे, स्वस्त-महागाचं नाही. हा अंधार घालवणारा सेंटर फिल्टर मिळतो, मध्यावर गडद आणि कडेला साफ. जुन्या लेन्सपेक्षा तोच महाग पडतो बऱ्याचदा. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. काळ्या-पांढऱ्यात मी कोपरे छापताना थोडे झाकून घेते. एन्लार्जरची लेन्सही कडेला कमी उजेड देते, तो दोष इथे आपल्या पथ्यावर पडतो. रंगीत स्लाइड काढणाऱ्यांनी मात्र माझं ऐकू नये.

टिल्टचं, म्हणजे लेन्स पुढे वाकवण्याचं, वेगळंच. लांब लेन्सवर टिल्ट करायची सवय हाताला होती, म्हणून ९० वरही तेवढाच वाकवायचे आणि सगळं बिनसायचं. हिशेब केला तेव्हा कळलं. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटर उंच असेल आणि जमिनीचं प्रतल पायापासून क्षितिजापर्यंत कणखर हवं असेल तर ९० च्या लेन्सला टिल्ट लागतो साडेतीन अंशांहूनही कमी. तो डोळ्याला दिसतही नाही. मी आता चौकटीचा स्क्रू सैल करून नुसतं बोट टेकवते आणि परत घट्ट करते. बऱ्याचदा त्याचीही गरज नसते. एफ/२२ ला पावणेचार मीटरवर फोकस केला की पावणेदोन-दोन मीटरपासून पुढचं सगळं पदरात पडतं.

जुन्या लेन्स पाहताना नावांचाही थोडा अभ्यास असावा. कॅल्युमेट कंपनी दुसऱ्यांनी बनवलेल्या लेन्स ‘कॅल्टार’ नावाने विकायची. त्यातल्या कॅल्टार-टू एन म्हणजे रोडेनस्टॉकचीच भिंगं, फक्त नाव साधं असल्याने किंमत साधी. ग्राफ्लेक्सची ‘ऑप्टार’ ९०, एफ/६.८, ही वोलेनसॅकची, अँग्युलॉनसारखीच चिमुकली आणि तशाच तुटपुंज्या गोलाची. गोल किती, हा एक प्रश्न विचारला की बाकी जाहिरात वाचायची गरज उरत नाही.

आता दोन्ही लेन्स आहेत आणि पिशवीत असते ती अँग्युलॉन. सुपर कपाटात, नेमक्या कामाला निघते. याचं कारण मी मागच्या महिन्यात त्याच जिन्यात पुन्हा गेले तेव्हा सापडलं. मुद्दाम अँग्युलॉन नेली. लेन्स उचलायचीच नाही असं ठरवलं. कॅमेरा पाणसळीने अगदी सपाट केला, म्हणजे खांब उभेच्या उभे राहतील, आणि थेट खालच्या फरशीवर, पहिल्या पायरीपासून जेवढं मागे जाता येईल तेवढं मागे. झरोका चौकटीत आला. त्याबरोबर खाली नको असलेली फरशीही आली, चौथाई फिल्मभर. तिला नंतर कापून टाकायचं. फिल्म एवढी मोठी असताना खालचे पंचवीस मिलिमीटर कापले तरी काय बिघडतं! लेन्स उचलून जे मिळतं तेच हे, फक्त कात्रीने.

लेक टॉर्च घेऊन झरोक्याखाली उभी राहिली, मी त्या ठिपक्यावर फोकस केला, मग तिला वरच्या वळणाआड जायला सांगितलं. कोपऱ्यांतून डोकावले. चारही भोकं गोल. एफ/३२. मीटर म्हणाला बारा सेकंद. एवढ्या वेळाला फिल्म आळसावते. इलफर्डच्या एफपी४ साठी बाराचा १.२६ वा घात, म्हणजे तेवीस. होल्डर सरकवला, डार्क स्लाइड, म्हणजे फिल्मवरचं झाकण, काढली, केबल दाबली आणि मोठ्याने मोजायला लागले. वरून लेकही मोजत होती, माझ्यापेक्षा जरा घाईने.

निगेटिव्हचे चारही कोपरे भरलेले आले. कापायची रेघ मारायला मी कॉन्टॅक्ट प्रिंटवर पट्टी ठेवली तेव्हा दिसलं, नको असलेल्या त्या फरशीच्या मधोमध लेकीच्या चपला. एक सरळ, एक उपडी. वर पळताना काढून ठेवल्या असणार. काचेवर त्या वरच्या बाजूला उलट्या लटकत असतील तेव्हा मी कोपरे पाहत होते.

प्रिंट पूर्ण छापली, न कापता.